फोल्डर काढायचं परमिट

मी निवृत्त लाइनमन आहे आणि परवानगीशिवाय मी आयुष्यात कशालाही हात लावलेला नाही.

आमच्या कामात याला परमिट म्हणतात. खांबावर चढण्याआधी सबस्टेशनच्या ऑपरेटरला फोन लावायचा, परमिट मागायचं, त्यानं लाईन बंद केल्याचं सांगितलं की मगच वर चढायचं. उतरल्यावर ज्यानं परमिट घेतलं त्यानंच ते परत करायचं. कुरखेड्याकडच्या जंगलात ऐन पावसाळ्यात तारेवर सागाची फांदी पडलेली, खाली सारं गाव अंधारात उभं राहून माझ्या नावानं शिमगा करतंय, तरी मी परमिटवाचून वर चढलेलो नाही. म्हणून तर आज हे लिहायला माझे दोन्ही हात शाबूत आहेत. (आणि याच दोन हातांनी मी घरचा चांगला चालता कॉम्प्युटर जागीच बसवला!)

हा कॉम्प्युटर पल्लवीचा. पल्लवी आमची एकुलती एक मुलगी. डिप्लोमाला असताना तिच्यासाठी घेतला होता. ती दिवसभर त्याच्यावर घरांचे नकाशे काढत बसायची आणि मी कामावरून आलो की बूट काढता काढता विचारायचो, "आज कोणाचं घर बांधलं वो?" आता ती पुण्यात एका आर्किटेक्टच्या ऑफिसात खरोखरच्या माणसांच्या खरोखरच्या घरांचे नकाशे काढते, आणि इथं सावली गावात आमच्या घरात मी नि तिची आई सुशीला, दोघं एकमेकांना विचारतो की आज भाजी काय करायची.

तिच्या खोलीतलं काहीही आम्ही हलवलेलं नाही. म्हणजे वापरतो, पण हलवत नाही. तिच्या ड्रॉइंग बोर्डवर सुशीला तांदळाचे पापड वाळत घालते. तिची ती लांबलचक टी-आकाराची पट्टी दाराशी उभी असते, कौलावर वांदरं आली की सुशीला ती घेऊन अंगणात धावते. मी दुपारी त्या खोलीत झोपतो, कारण तिथला पंखा चांगला आहे असं मी सगळ्यांना सांगतो. पंखा कुरकुरतो. पण ती खोली मला आवडते, आणि तिथं पल्लवीची आठवण येते म्हणून आवडते, हे सुशीलासमोर कबूल करायची सोय नाही. कारण ती मग रडते. मग मीही!

दिवाळीला पल्लवी दोन दिवस येते, त्यातला दीड दिवस झोपते. एवढ्यावर आम्ही वर्ष काढतो.

तर झालं असं, की धान कापून, चुरून, म्हणजे मळून, घरात आलं होतं आणि मंडई तोंडावर आली होती. मंडई म्हणजे दिवसा जत्रा आणि रात्री नाटक. त्या दिवशी आमच्याकडे प्रत्येक घरात खाटांपेक्षा पाहुणे जास्त असतात, आणि लेकी तर झाडून साऱ्या माहेरी येतात. आमचीच तेवढी येत नव्हती. आणि अचानक तिचा फोन.

"बाबा, साहेब हो म्हणाले!"

"कायले?"

"घरून काम करायले! मंडई, नाटक, सारं आटपून संक्रांतीनंतर परत येतो म्हटलं. महिनाभर, बाबा!"

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. स्वयंपाकघरातून सुशीला ओरडली, "का झालं जी?"

"पल्लवी येऊन राह्यली! महिनाभर!"

भांडं पडल्याचा आवाज आला. नंतर कळलं, सुशीलानं त्याच क्षणी वड्यांसाठी तांदूळ भिजत घातले होते. (पोरगी यायला अजून पंधरवडा होता!)

"पण बाबा, एक अडचण हाये," पल्लवी म्हणाली. "आपल्या कॉम्प्युटरवर नकाशाचा नवा प्रोग्राम बसला पाह्यजे. जुना मी कवाच काढला, पण त्याचे फोल्डर मागं राह्यले. ते आडवे येतात, नवा बसू देत नाई. ते काढा, मंग मी धाडतो तो नवा बसवा, अन् चालू झाला का फोटो पाठवा. तो पाह्यल्याबिगर साहेब मले सोडत नाई."

"प्रोग्राम गेला, अन् फोल्डर कसे राह्यले?"

"राह्यतात बाबा. माणूस गेला तरी सामान राह्यते ना घरी."

ती सहज बोलली. मी समोर पापडांनी भरलेल्या बोर्डाकडे बघितलं आणि म्हटलं, "तू काई चिंता नको करू. अकरा हजार व्होल्ट हाताळले म्या, फोल्डर का चीज हाये!"

हे वाक्य मी पुढे कितीदा तरी आठवलं.

दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, देवाला दिवा लावून मी कॉम्प्युटरसमोर बसलो. तिनं पाठवलेल्या सूचनांप्रमाणे त्यातला पहिला फोल्डर शोधला, त्याच्यावर बोट ठेवलं (म्हणजे माऊसनं, पण सुरुवातीला खरंच बोट ठेवलं होतं) आणि काढून टाकायची आज्ञा दिली. कॉम्प्युटरनं एक चौकट पुढे केली. तिच्यातल्या इंग्रजीचा अर्थ एवढाच होता, की हा फोल्डर काढायला परवानगी लागेल.

खोटं सांगत नाही, माझ्या मनात त्या यंत्राबद्दल आदर दाटून आला. इतकी वर्षं नव्या पोरांना परमिटचं महत्त्व सांगून माझा घसा बसला, आणि हे पत्र्याचं खोकं स्वतःहून परमिट मागत होतं! मी लगेच फोन लावला.

"हॅलो, ऑपरेटर?"

"बाबा, मी मीटिंगमंधी हाये."

"परमिट पाह्यजे."

"कशाचं?"

"फोल्डर काढाचं. हा कॉम्प्युटर परवानगी मागून राह्यला."

"दिली बाबा, दिली. काढा."

"लाईन बंद केली का?"

"बाबा!!"

फोन बंद झाला. परमिट मिळालं होतं. मी पुन्हा आज्ञा दिली. पुन्हा तीच चौकट. मी त्याला समजावलं, "अरे, घेतलं ना परमिट! आत्ता तुह्यासमोर घेतलं!" चौकट हलेना. तोंडी परमिट इथं चालत नसावं.

"कोणाशी बोलून राह्यले जी?" सुशीला दारात येऊन उभी.

"कोणाशी नाई."

तिनं कॉम्प्युटरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ आपल्या भावाला बोलावून आणलं.

हा माझा मेहुणा, मुरली. मंडपाचा धंदा करतो, आणि हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकांत काम करतो. नाटक कुठलंही असो, मुरली इन्स्पेक्टर असतो. शेवटच्या अंकात येतो, "खबरदार!" म्हणतो आणि खलनायकाला घेऊन जातो. त्या सवयीमुळे तो कुठल्याही घरात शिरला की आता सगळं मिटलं, असं लोकांना वाटतं. त्यालाही वाटतं.

"भाऊजी, हटा," मुरली म्हणाला आणि माझ्या खुर्चीत बसला. इकडे दाबलं, तिकडे दाबलं, आणि गंभीर आवाजात निकाल दिला, "भाऊजी, हा फोल्डर तुमचा नाई."

"पल्लवीचा असन."

"तिचाबी नाई. मालक तिसराच हाये." त्यानं पडद्यावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. "ट्रस्टेड... इन्स्टॉलर."

"म्हणजे?" सुशीला पुढे सरकली.

"ट्रस्टेड म्हणजे विश्वासातला."

"कोणाच्या विश्वासातला?"

सुशीलाचा चेहरा हळूहळू बदलत गेला. पोरीच्या कॉम्प्युटरमध्ये विश्वासातला कुणीतरी! आणि बापाला पत्ता नाही! मी अडवायच्या आत तिनं फोन लावला होता.

"पल्लवी, खरं सांग. हा विश्वासातला कोण हाये? का करते? कोणत्या गावचा?"

तिकडून बराच वेळ हसण्याचा आवाज येत राहिला. तो कुणी माणूस नसून कॉम्प्युटरनंच आपल्या सामानावर नेमलेला राखणदार आहे, हे तिनं समजावून सांगितलं. सुशीलानं फोन ठेवला. ती थोडी निराश झाल्यासारखी वाटली. एवढ्या वेळात तिनं मनातल्या मनात जावयासाठी वडे वाढवून घेतले असावेत.

"उपाय सोपा हाये," मुरली म्हणाला. "या राखणदाराची मालकी काढाची अन् तुमच्या नावावर कराची. मंग तुमचा फोल्डर, तुमची मर्जी."

इथपर्यंत तो बरोबर होता, हे मला नंतर पल्लवीनंही सांगितलं. तेवढ्या जुन्या फोल्डरांची मालकी घेतली असती, तर काम फत्ते होतं. पण इथं माझ्यातला लाइनमन जागा झाला. आमच्याकडे एकेका घराचा फ्यूज काढत बसत नाहीत. गल्लीत काम असलं की डीपी बंद, गावात काम असलं की अख्खा फीडर बंद!

"मुरली," मी म्हटलं, "एक एक फोल्डर कुठी करत बसतं गा? पूर्ण कॉम्प्युटरच माह्या नावावर कर."

"पूर्ण?"

"पूर्ण! घर माह्या नावावर, मीटर माह्या नावावर, हाच तेवढा काऊन परक्याच्या नावावर?"

मुरलीनं इन्स्पेक्टरसारखी मान हलवली आणि बटण दाबलं. पडद्यावर नावांची रांग धावायला लागली. मध्येच कॉम्प्युटर विचारायचा, हे होत नाही, पुढे जाऊ का? मुरली म्हणायचा, "जा!" पुन्हा विचारायचा. मुरली म्हणायचा, "जा म्हणतो ना बे!" असं बराच वेळ चाललं. मग त्याला तालमीचं बोलावणं आलं. "आता आपोआप होते, फक्त हात नका लावू," असं बजावून तो निघून गेला, आणि पडद्यासमोर मी नि सुशीला उरलो.

नावं धावत होती. आम्हाला त्यातलं काही कळत नव्हतं. आणि मग अचानक, त्या अगम्य गर्दीतून, "पल्लवी" असं इंग्रजीतलं नाव सर्रकन वर जाऊन दिसेनासं झालं. पाठोपाठ पुन्हा पल्लवी. पुन्हा पल्लवी.

"अजी! पोट्टीचं नाव चाललं!" सुशीला किंचाळली. "सारं तिचंच मिटून राह्यलं! थांबवा जी!"

"कसं थांबवू?"

"मले का इचारता! तुमी लाइनमन ना!"

आता, शंका आली की लाइनमन काय करतो? विचार करत नाही. विचार करणारे लाइनमन हार घातलेल्या फोटोत असतात. मी धावत व्हरांड्यात गेलो आणि घराचा मेन स्विच खाली ओढला.

सगळं शांत झालं. पंखा थांबला, फ्रिज थांबला, कॉम्प्युटर विझला. मी कपाळाचा घाम पुसला आणि म्हटलं, "वाचली."

मेन पुन्हा चढवला तेव्हा पंखा आला, फ्रिज आला. कॉम्प्युटर आला नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एक ओळ आली आणि तिथंच लुकलुकत राहिली. मी त्याला बंद केलं, चालू केलं, मागच्या वायरी काढून फुंकर मारून लावल्या, उदबत्तीही ओवाळली. (ती सुशीलानं ओवाळली. मी फक्त धरली होती.) ओळ हलली नाही.

संध्याकाळी फोन आला. "झालं का बाबा?"

"होऊन राह्यलं."

दुसऱ्या दिवशी, "झालं का?"

"जरासंच राह्यलं."

तिसऱ्या दिवशी सुशीलानं फोन घेतला आणि "तुहे बाबा शेतात गेले," असं सांगितलं. आम्हाला शेत नाही, हे पल्लवीला माहीत आहे.

शेवटी कॉम्प्युटर चादरीत बांधून मी जवळच्या मूल गावी एका दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेलो. त्यानं तो उघडला, बघितला, आणि विचारलं, "काका, याच्यासोबत नेमकं काय केलं?"

"परमिट घेऊनच केलं," मी म्हणालो.

त्यानं झाकण पुन्हा लावलं. मग म्हणाला, "उद्या चालू करून देतो. पण आतलं सारं पुसावं लागन. कोरा करतो, नवा प्रोग्राम टाकतो. जुनं काई राहणार नाई."

म्हणजे माझं काम झालं होतं! मला जुने फोल्डर काढायचे होते, ते तो काढणार होता. मला नवा प्रोग्राम हवा होता, तो बसणार होता. फोटो जाणार, साहेब हो म्हणणार, महिनाभर पोरगी घरात येणार. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

"जुनं म्हणजे का का असन त्याच्यात?" मी विचारलं.

"ते मले कसं माहीत? घरच्यांचंच असते, काका. फोटो, शिकतानाचं काम, असंच."

मला ती दिसली. केस वर बांधून, पाय खुर्चीवर घेऊन नकाशा काढणारी. पहिल्यांदा काढलेलं घर तिनं मला हाक मारून दाखवलं होतं. त्या घराला जिनाच नव्हता, आणि वरच्या मजल्यावर तिनं आमच्या दोघांची खोली काढली होती! मी म्हटलं होतं, "आमी चढावं कसं?" तर म्हणाली, "तुमी खांबावर चढता ना बाबा, आईले पाठीवर घ्या." तो नकाशा त्या खोक्यात कुठंतरी असणार. आठवडाभर मी ज्या फोल्डरांच्या मागे हात धुऊन लागलो होतो, ते आता कुणी आयते काढून देतंय म्हटल्यावर माझ्याच्यानं हो म्हणवेना.

"राहू द्या," मी म्हटलं आणि तो पुन्हा चादरीत बांधला.

परतीच्या एसटीत मी त्याला मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, "टीव्ही हाये का भाऊ?" मी म्हटलं, "नाई बाई, पोरीचं सामान हाये." आणि मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर नुसती धानाची रिकामी शेतं होती.

घरी येऊन मी पल्लवीला फोन केला आणि सगळं सांगून टाकलं.

"पूर्ण ड्राईव्हची मालकी घेतली?" ती म्हणाली.

"घेतली."

"अन् ते चालू असताना मेन बंद केला?"

"केला."

"काऊन बाबा?"

"मंग का करू? लाईन चालू ठेवून काम करू?"

मग तिचा आवाज आला, हसल्यासारखा, पण जरा ओला. "अन् त्याले पुसू काऊन नाई देलं? पुसलं असतं तं मी आलीच असती ना."

"तुहं होतं त्याच्यात," मी म्हटलं.

"बाबा," ती म्हणाली, "आता कशालेच हात लावू नका. पंख्यालेबी नाई. मी येतो."

ती आली. पण घरून करायचं काम साहेबांनी तोवर दुसऱ्या कुणाला देऊन टाकलं होतं, म्हणून ती रजा टाकून आली. महिन्याचे चार दिवस झाले. मंडईला आम्ही तिघं शेजारी शेजारी बसून नाटक बघितलं. इन्स्पेक्टर यायच्या आधीच ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. माझा हात पार बधिर झाला, सुशीला चहाला उठा म्हणाली, मी उठलो नाही. मुरलीनं दुसऱ्या दिवशी विचारलं, "भाऊजी, कशी होती माही एन्ट्री?" मी म्हटलं, "अंगावर काटा आला गा." मी स्टेजकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

कॉम्प्युटर तिनं सकाळी उघडला आणि जेवायच्या आत चालू केला. तिच्या जुन्या वस्तू आधी बाजूला काढून घेतल्या, मग बाकीचं साफ केलं. तो बिनजिन्याचा नकाशाही निघाला. सुशीलानं तो बघितला आणि मला म्हणाली, "पाहा, तुमी मले पाठीवर घेनार होते म्हणे." नवा प्रोग्राम एका फटक्यात बसला. मला सांगा, एवढं सोपं होतं, तर आधी का बसला नाही?

जाताना तिनं एक बंदोबस्त केला. कॉम्प्युटरची मालकी स्वतःच्या नावावर घेतली आणि मला साधा वापरणारा करून टाकलं. म्हणजे बघायचं, लिहायचं, पण कॉम्प्युटरच्या मूळ सामानाला धक्का लावायचा झाला तर पासवर्ड लागणार. तो तिच्याकडे. "लागला तं मले फोन करा, मी सांगतो," म्हणाली, आणि बस निघाली. आम्ही दोघं स्टँडवर उगाच बराच वेळ उभे होतो.

आता रोज संध्याकाळी मी तिला फोन करतो. म्हणतो, एक फोल्डर काढाचा हाये, पासवर्ड सांग. ती सांगते. मग विचारते, जेवले का, आईचं गुडघ्याचं कसं आहे, वांदरं येतात का. बोलणं चांगलं अर्धा तास चालतं. शेवटी ती म्हणते, "बाबा, पासवर्ड आता तरी ध्यानात ठेवा." मी म्हणतो, "वय झालं वो पोरी."

पंचाईत एवढीच, की काढायसारखे फोल्डर कॉम्प्युटरमध्ये उरलेले नाहीत. त्यामुळे मला रोज दुपारी बसून आधी नवे फोल्डर करावे लागतात. आपणच केलेला फोल्डर काढायला पासवर्ड लागत नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ते पल्लवीला माहीत नसेल, असं म्हणवत नाही; पण ती बिचारी रोज पासवर्ड सांगते, आणि मीही तो रोज इमानदारीनं विसरतो.